मंडईचा उकिरडा : प्रतिमा आणि काम

शालेय मराठीत ‘बाजारातील एक तास’ हा निबंधाचा एक ठरीव विषय आहे. पिढ्यान्पिढ्या मुले तो लिहीत आली आहेत. त्यात हिरव्यागार पालेभाज्या असतात, लालबुंद टोमॅटो असतात, विक्रेत्यांचा ओरडा असतो, घासाघीस करणाऱ्या बायका असतात, आणि तास कसा गेला ते कळलेच नाही असा शेवट असतो. हा तास कोणता? तो एक तर सकाळचा असतो, नाही तर संध्याकाळचा. रात्री अकराचा किंवा पहाटे तीनचा तास कुठल्या पाठ्यपुस्तकाने मुलांकडून मागितलेला मी तरी पाहिलेला नाही. आमच्या ललित गद्याचेही थोड्याफार फरकाने हेच आहे. मंडईवर लिहिणाऱ्या लेखकाचे नाक ओल्या कोथिंबिरीपाशी उघडते नि गाळ्यांमागच्या ढिगापाशी मिटते.

मंडईतल्या कचऱ्याची विल्हेवाट हा नगरपालिकेचा प्रश्न. साहित्यसमीक्षेचा त्याच्याशी काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध आहे. एखादा समाज आपला कचरा ज्या रीतीने हाताळतो, त्याच रीतीने तो कचऱ्याविषयी लिहितो, किंवा लिहायचे टाळतो. हात लावायचा नाही, दुसऱ्याने उचलावे, आणि उचलणाऱ्याचे नाव विचारू नये, ही जी रीत गल्लीत चालते तीच पानावर चालते. म्हणून या लेखात मला मंडईचा उकिरडा आणि त्याचे वाङ्मयातले रूप, दोन्ही एकत्र तपासायची आहेत.

आधी वस्तुस्थिती पाहू. शहराच्या मोठ्या भाजीबाजारात जो कचरा पडतो तो घरच्या कचऱ्यासारखा नसतो. फ्लॉवरचा गड्डा गिऱ्हाईकाच्या पिशवीत पांढराशुभ्र जावा म्हणून त्याची बाहेरची पाने छाटली जातात. मक्याच्या कणसाची साले, कोबीचे वरचे पापुद्रे, मेथीच्या जुडीची मुळे, केळीच्या घडांचे दांडे, आंब्याच्या पेटीतला पेंढा, सडके टोमॅटो, फुटलेले कलिंगड. मासळीबाजारात खवले, आतडी, नि बर्फाचे रक्ताळलेले पाणी. कोंबड्यांच्या दुकानांमागे पिसे आणि चामडी. हे सगळे ओले असते, आणि ओले म्हणजे जड. एका खताच्या खड्ड्यात रीतसर टाकले, त्याला हवा मिळाली, तर काही आठवड्यांत याचे काळे भुसभुशीत खत होते. तेच प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोलची खोकी नि सुतळीबरोबर कालवून दाबून ठेवले की हवा तुटते, आतून आंबते, मिथेन वायू निघतो आणि तळाशी जे आंबट काळे पाणी सुटते ते जमिनीत मुरून विहिरी नासवते. म्हणजे भाजीचा पाला हा मुळात विषारी नाही. तो विषारी होतो तो विक्रीच्या जागेपासून डेपोपर्यंतच्या प्रवासात, कुणी तो वेगळा ठेवायचे कष्ट घेतले नाहीत म्हणून.

मुंबईचा कचरा शहराबाहेर नेण्यासाठी कुर्ला ते चेंबूर असा लोहमार्ग १९०६ साली टाकला गेला. त्यावरून आधी कचऱ्याच्या गाड्या धावल्या, माणसांच्या गाड्या १९२४ मध्ये आल्या. देवनारचे कचराक्षेपणभूमीचे मैदान १९२७ पासूनचे. पुढे त्याच्या कडेला कोण राहायला आले, हे गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांतून एकदा हिंडले की कळते : दलित आणि गरीब मुसलमान. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला आग लागली, धूर दिवसेंदिवस शहरावर रेंगाळला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या, आणि मग वृत्तपत्रांना तो ढीग दिसला. पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात जात होता. तिथल्या गावकऱ्यांना गाड्या अडवाव्या लागल्या, तेव्हा पुण्याच्या पेठांना समजले की आपण टाकतो ते कुठेतरी जाऊन पडते.

येथे एक प्रश्न विचारला पाहिजे. आपल्या समाजाला कचऱ्याची किळस येते, हे खरे आहे काय? गावातला उकिरडा आठवून पाहा. कुणब्याच्या घराजवळ त्याचा उकिरडा असतो. शेण, गोठ्यातला केर, चुलीतली राख त्यात पडते. त्यालाही वास असतो, माश्याही असतात, पण त्याची कुणाला शिसारी नसते. उकिरड्याची दैनाही बारा वर्षांनी फिटते, अशी म्हण आपल्या भाषेत आहे, म्हणजे उकिरड्याला दैव आहे, त्याला आशेचा अधिकार आहे. पेरणीआधी तोच उकिरडा गाडीत भरून मालक आपल्या हाताने शेतात पसरतो आणि त्याने तो बाटत नाही. शेणाने तर घर सारवतात. परंतु त्याच गोठ्यात तेच जनावर मेले की मालकाचे हात आखडतात. आता ते ओढायचे महाराने. वास दोन्हींना आहे. फरक एवढाच की एका घाणीतून मालकाला उत्पन्न आहे, दुसरी नुसती दूर करायची आहे. तेव्हा किळस ही नाकात नसते, ती गावगाड्याच्या हिशेबात असते. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेली जनावरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडा असे सांगितले, तेव्हा ते या हिशेबावरच बोट ठेवत होते. पुढे १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात त्यांनी जातिव्यवस्था कामाची वाटणी करत नसून काम करणारांची वाटणी करते असा मुद्दा मांडला. तो मला मंडईत जितका स्पष्ट दिसतो तितका ग्रंथालयात दिसत नाही.

कारण शहराने गावातल्या या दोन घाणी एकत्र केल्या. मंडईतल्या पाल्याचे खत होऊ शकते, म्हणजे तो खरे तर उकिरड्याच्या जातीचा. पण शहरात त्याला शेत उरले नाही, मालक उरला नाही. आणि ज्या घाणीला मालक नाही ती मेलेल्या जनावराच्या रांगेत जाते. मग ती उचलण्यासाठी माणसेही त्याच रांगेतली लागतात. मराठवाड्यातून दुष्काळाने हुसकलेली, गावकी सोडून आलेली माणसे शहराच्या सफाई खात्यात, आणि ते दार बंद झाल्यावर कंत्राटदाराच्या हजेरीवर कशी गोळा झाली, त्याचे उत्तर इथे आहे.

एमिल झोलाची १८७३ सालची एक कादंबरी आहे, ‘ल व्हांत्र द पारी’, म्हणजे पॅरिसचे पोट. ती बहुतांशी तिथल्या ‘ले आल’ या मध्यवर्ती बाजारात घडते. भाज्यांचे, माशांचे, चीजचे ढीग त्याने पानेच्या पाने भरून वर्णिले आहेत. पण मला त्यातले एक वेगळे स्थळ महत्त्वाचे वाटते. नांतेरची मादाम फ्रांस्वा ही माळीण पहाटे गाडीभर भाजी घेऊन बाजारात येते, आणि परतताना बाजारात पडलेली कोबीची पाने, देठ, साली गाडीत भरून आपल्या मळ्यावर नेते. त्या पाल्यावर आडवे होऊन कादंबरीतला चित्रकार तिच्या मळ्यावर जातो आणि शहराच्या टाकाऊ पाल्यातून पुन्हा भाजी उगवण्याच्या या फेऱ्याचे त्याला केवढे कौतुक वाटते! आमच्या सौंदर्यवादी समीक्षकांना हे स्थळ आवडेल. परंतु त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की झोलाला कचरा सुंदर दिसू शकला याचे कारण त्याच्या प्रतिभेत जितके आहे तितकेच मादाम फ्रांस्वाच्या गाडीत आहे. भाजी आणणारी आणि कचरा नेणारी बाई एकच आहे. गाडी एकच आहे. कचरा भरल्याने तिचे माळीणपण उणे होत नाही, दुसऱ्या दिवशी तिच्या हातची भाजी कुणी नाकारीत नाही. आमच्या मंडईत आणणारा वेगळा आणि नेणारा वेगळा, आणि दोघांनी जागा बदलायची नाही. ही अट असेतोवर इथल्या लेखकाला झोलाची दृष्टी उसनी आणून भागणार नाही.

महाराष्ट्रात या संदर्भात एक विलक्षण योगायोग आहे. मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट १८६९ साली बांधून झाले. क्रॉफर्ड हे तिथले पहिले म्युनिसिपल कमिशनर. त्याच्या दर्शनी भागावर लॉकवुड किपलिंगच्या आराखड्याची शिल्पे आहेत, त्यांत शेतकरी आहे. पिकवणारा तेवढा दगडात आला. पुण्याची मंडई १८८०च्या दशकात उभी राहिली, तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव होते. आज या दोन्ही बाजारांना महात्मा फुल्यांचे नाव आहे. जोतीराव १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते आणि याच मंडईच्या इमारतीवर लाखो रुपये खर्च करायला त्यांनी विरोध केला होता. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्चा, असे त्यांचे म्हणणे. ज्यांनी इमारतीला विरोध केला त्यांचे नाव इमारतीला मिळाले. नाव दिले ते चांगलेच झाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या नावाखाली पहाटे खराटा मारणाऱ्या बाईची मुलगी शाळेत जाते की नाही, हा जोतीरावांचा मूळ प्रश्न शिल्लक राहिला.

आता आपल्या वाङ्मयाकडे वळू. पांढरपेशा साहित्याने हा विषय टाळला, हे सांगून झाले. दलित साहित्याने तो टाळला नाही. अण्णा भाऊंच्या ‘स्मशानातील सोनं’मधला भीमा खाणीतले काम बंद पडल्यावर मुंबईच्या स्मशानातली राख चाळून सोन्याचे कण शोधतो. ही कथा भयकथा म्हणून वाचायची सवय लागली आहे. मला ती कामाची कथा वाटते. राख कशी चाळायची, प्रेत कसे उकरायचे, माल कुठे विकायचा, पहारीने जबडा कसा उघडायचा, हे सगळे अण्णा भाऊंनी एखाद्या धंद्याची माहिती द्यावी तसे दिले आहे. म्हणूनच भीमाची बोटे जातात आणि नेमकी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते, तेव्हा नुकसान नेमके कशाचे झाले हे वाचकाला मोजता येते. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) कावाखान्यातल्या बायका दिवसभर हिंडून चिंध्या, कागद, काचा, लोखंडाचे तुकडे, बाटल्या गोळा करतात, रात्री त्यांची निवड करतात नि सकाळी विकायला नेतात. काय उचलले, कसे निवडले, कधी विकले, हे त्यात आहे. त्या परिच्छेदात उमाळा नाही, म्हणून तो विश्वसनीय आहे.

‘गोलपिठा’ १९७२ साली आला, तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह, आणि मराठी कवितेत गटार, खरूज, पू, उकिरडा यांना कायमची जागा झाली. त्याचे मोल मी कमी लेखत नाही. ढसाळांच्या कवितेत घाण ही खरोखरीची घाण आहे, तिला पत्ता आहे, गल्ली आहे. पण त्यानंतर जे झाले ते तपासायला हवे. प्रस्थापित समीक्षेने आधी या कवितेला शिवराळ म्हटले, आणि ते पचेना तेव्हा तिची प्रतिमा करून टाकली. उकिरडा म्हणजे व्यवस्था, गटार म्हणजे समाज, दुर्गंधी म्हणजे नैतिक अधःपतन, असा एक कोश तयार झाला. प्रतिमा झाली की घाण निर्जंतुक होते. ती चर्चासत्रात नेता येते, तिच्यावर प्रबंध लिहिता येतो. आणि आमच्याकडच्या पुढच्या पिढीच्या कितीतरी कवींनी हाच कोश हाताशी धरून कविता लिहिल्या. ‘मी उकिरड्यावर फेकलेला’ अशा सुरुवातीच्या कविता नियतकालिकांकडे आजही थप्पीने येतात. त्या उकिरड्यात काय पडले आहे, हे मात्र त्यांत नसते. आठवड्याच्या कोणत्या दिवशी तो जास्त भरतो, त्याला किती माणसे लागतात, मुकादम हजेरी केव्हा मांडतो, हे कवीला ठाऊक नसते. उकिरडा आहे आणि उकिरडा उपसणारे कुणी नाही, अशी ही कविता. मग ती ‘बाजारातील एक तास’हून कितीशी वेगळी? तिकडे भाजी आहे नि बाई नाही, इकडे घाण आहे नि बाई नाही.

हे मी बाहेरून सांगत नाही. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला, आणि ती पदवी एका जिल्ह्याच्या गावच्या भाजीबाजारात आईने मारलेल्या खराट्यावर झाली. आईच्या तोंडी ‘घाण’ हा शब्द फारसा नसे. ती म्हणे, “आज माल लई पडला.” गुरुवारचा माल, सणाचा माल, पावसाचा माल. फ्लॉवरचा पाला ती वेगळा काढून शेळ्यांसाठी आणी आणि बाकीचा पाटीत भरी. बाजारासाठी तो कचरा होता, तिच्यासाठी ते मोजायचे ओझे होते. ‘माल’ या शब्दात जे अर्थशास्त्र आहे ते अजून कुठल्या कवितेत मला सापडलेले नाही.

नावांचाच प्रश्न निघाला आहे तर सरकारी गद्याकडेही पाहिले पाहिजे. तेही एक वाङ्मयच आहे. मुंबई महापालिकेचा कचरा वाहणाऱ्या कंत्राटी कामगारांना, आणि त्यांत बहुतेक दलित, कागदोपत्री ‘स्वयंसेवक’ ठरवण्यात आले होते. पगाराऐवजी मानधन. स्वयंसेवक म्हटले की किमान वेतन नाही, रजा नाही, भविष्य निर्वाह निधी नाही. एका शब्दाने एवढे काम केले. कचरा वाहतूक श्रमिक संघाने तो शब्द न्यायालयात नेला, आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २७०० कामगारांना कायम करण्याचा निर्णय उचलून धरला. शब्दार्थावर इतकी मोलाची समीक्षा मराठीच्या कुठल्या प्राध्यापकाने केली असेल असे मला वाटत नाही. २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत अभियान सुरू झाले, त्याचे बोधचिन्ह गांधीजींचा चष्मा. चष्मा पाहतो, हात त्या चिन्हात नाहीत. २०२० च्या टाळेबंदीत बाजार झाडणारे ‘योद्धे’ झाले, टाळ्या वाजल्या, आणि हातमोजे मागितले की अर्ज करा असे सांगण्यात आले. ‘हरिजन’पासून ‘सफाई मित्र’पर्यंत ही एकच परंपरा आहे : काम तेच ठेवायचे, नाव गोड करायचे.

कायद्याची भाषाही तपासावी. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारे कायदे १९९३ आणि २०१३ चे. त्यांची व्याख्या मानवी विष्ठेपुरती आहे. मासळीबाजाराच्या मोरीत उघड्या हाताने आतडी काढणारा माणूस त्या व्याख्येत बसत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा निर्माण होतो तिथेच वेगळा करायला सांगितले. चांगले सांगितले. पण मंडईत गाळेवाला पाला छाटतो आणि पायापाशी टाकतो. दोन हातांवर डबा असला तरी टाकत नाही. ‘त्यासाठी माणसे आहेत ना’, हे त्याचे उत्तर. रस्त्यावर पाटी घेऊन बसलेल्या बाईला मी या हिशेबात धरत नाही. तिला डबा ठेवायलाही जागा नाही आणि तिचे निम्मे लक्ष अतिक्रमणाच्या गाडीकडे. मी बोलतो आहे ते पक्क्या गाळ्यांविषयी. तिथे वर्गीकरण अडते ते डब्यांच्या टंचाईने नव्हे, वाकण्याच्या प्रश्नाने.

पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्यांची संघटना उभी राहिली, तिचे नाव ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. सभासद बहुसंख्य दलित स्त्रिया. हे नाव मला मराठीतल्या उत्तम वाक्यरचनांपैकी एक वाटते. त्यात प्रतिमा नाही. आम्ही काय उचलतो ते आधी सांगितले, मग आम्ही कोण ते सांगितले. पण त्या नावात ओला पाला नाही, आणि का नाही हे समजून घेतले पाहिजे. कागद, काच, पत्रा विकला जातो. भंगारवाला त्याला भाव देतो. मंडईच्या ओल्या मालाला भाव नाही. तो उचलणाऱ्याच्या हाती मजुरी सोडून काही पडत नाही, आणि मजुरी कंत्राटदाराच्या हाती. म्हणून सर्वांत जड कचरा सर्वांत अबोल माणसांकडे राहिला.

‘कोर्ट’ या २०१४ च्या मराठी चित्रपटात गटारात मेलेल्या कामगाराची विधवा साक्ष देते. उतरण्यापूर्वी तो झुरळे दिसतात का पाहत असे, वास सोसावा म्हणून पीत असे, साहित्य काही दिलेले नव्हते, असे ती विचारले तेवढेच सांगते. रडत नाही, उपमा देत नाही. खटला शाहिराच्या गाण्यावर चालला आहे आणि सत्य त्या बाईच्या चार वाक्यांत आहे. ही रचना दिग्दर्शकाने समजून केली आहे.

यावर आक्षेप येणार तो मला माहीत आहे : मग हे साहित्य राहील की अहवाल? हा आक्षेप ‘बलुतं’वरही आला होता. शेतकऱ्याच्या नांगरटीचे बारकावे मराठी ग्रामीण कथेत आले तेव्हा त्यांना अस्सल मातीचा गंध म्हटले गेले, अहवाल कुणी म्हटले नाही. पेरणी, मोट, खळे यांचे शब्द कोशात गेले, पाठ्यपुस्तकात गेले, परीक्षेत विचारले गेले. मंडईच्या रात्रपाळीचेही शब्द आहेत. पाटी भरायची ती काठोकाठ की बोटभर कमी. ओला पेंढा फावड्याने उचलायचा की पंजाने ओढायचा. गाडीत आधी दांडे टाकायचे की पाला. मासळीच्या पाण्यावर राख टाकायची की भुसा. कुठल्या गाळ्यामागे फुटकी बाटली असते. हे ज्ञान आहे आणि ते तोंडी आहे. ज्यांच्याकडे ते आहे त्यांची मुले आता आमच्या वर्गांत बसतात. आपल्या घरचे काम सांगताना ती ‘नगरपालिकेत नोकरी’ असे म्हणून थांबतात. त्या थांबण्याच्या पलीकडे त्यांना लिहिते करायचे असेल तर उकिरड्यावर आणखी एक कविता मागू नये. जुलैच्या पावसात भरलेली पाटी डोक्यावर घेतल्यावर पाणी मानेवरून कुठे उतरते, आणि ती पाटी खांद्याशी देणारी जोडीदारीण त्या वेळी काय बोलते, एवढे आधी विचारावे.